किती वेळ उकळायचं

डॉ. राविया शहाता निवृत्त झाल्या त्या दुपारी
तांताच्या इस्पितळात केक कापला.
मला म्हणाले, तू जुना माणूस, दोन शब्द बोल.
मी म्हणालो, मॅडम वेळेच्या पक्क्या होत्या.
आणि खाली बसलो.

बाकीचं हे असं.

सत्तावीस वर्षं मी त्यांची बर्फाची पेटी वाहिली.
कालव्याकाठची गावं, कापसाची शेतं, बांधावरची गाढवं,
आणि ओट्यांवर बसलेले पन्नाशीचे पुरुष :
हातपाय काड्या, पोट पखालीसारखं,
डोळ्यांत हळद.
एके रात्री रक्त ओकायचे. सकाळी घरासमोर मांडव.
गाव म्हणायचं, बिल्हार्झिया. कालव्यातल्या गोगलगायींचा शाप.
पुस्तकंही साधारण तेच म्हणायची.

मॅडम मात्र एकच प्रश्न विचारत फिरल्या,
दार वाजवून, चहा नाकारून, मग घेऊन :
लहानपणी सुया किती टोचून घेतल्यास?
माणसं बोटांवर मोजायची.
बारा. सोळा. एक जण म्हणाला,
सुई शिरली की घशात गंजाची चव यायची,
खोकत खोकत आम्ही रांगेतच ओकायचो
आणि मास्तर हसायचे.

आमच्याकडे आई लेकराला काळजाचा तुकडा म्हणते.
मी तो पाहिलाय. बायोप्सीच्या सुईतून येतो,
दीड सेंटीमीटर, शेवईएवढा,
काचेवर ठेवला की रात्रीच्या दिव्यासारखा गुलाबी.
मॅडम तासन् तास त्यावर डोळा लावून बसत.
मी विचारलं, काय दिसतं?
म्हणाल्या, व्रण. आत कुणीतरी रफू करत सुटलंय.

मग आलेख आला.
गोळ्या निघाल्यावर जन्मलेली पोरं जवळजवळ कोरी.
सुयांच्या काळातली पोरं भरलेली.
कीड मारायला निघालेली सुईच
एका दंडातून दुसऱ्या दंडात विषाणू नेत होती.
मला वाटलं मॅडम खूश होतील.
त्यांनी खिडकी बंद केली, बाहेर वाराही नव्हता.

कारण मीत-तूत गावच्या दवाखान्यातला तमर्गी,
सतरा वर्षं सुया टोचणारा, तो त्यांचा बाप.

गेलो आम्ही त्याच्याकडे. म्हातारा अंगणात मका भाजत होता.
बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यातून त्याने वही काढली :
नाव, बापाचं नाव, तारीख, कितवी सुई.
अक्षर मोत्यासारखं. एकही खाडाखोड नाही.
अशी नोंद कुठल्या मंत्रालयातही मिळाली नसती.
मॅडमनी सांगायचं ते सांगितलं. वैद्यकीय शब्दांत सांगितलं.
तो कणीस फिरवत राहिला.
मग म्हणाला, स्टोव्ह एक होता. काचेच्या सिरिंजा सहा.
रांगेत तीनशे पोरं. त्यात तूही होतीस.
किती वेळ उकळायला हवं होतं?

वीस मिनिटं, बाबा.

त्याने मनातल्या मनात गुणाकार केला.
मला ओठ हलताना दिसले.

निबंध छापून यायच्या आधी परदेशातून प्रश्न आला :
ही माहिती कुठून मिळवली?
मॅडमनी लिहिलं, स्थानिक नोंदवही.
म्हाताऱ्याने ते कुणाकडून तरी वाचून घेतलं
आणि फोनवर ओरडला :
माझं नाव लिही. सुई टोचताना लपलो नव्हतो.
लिहिलं. तळटीपेत, बारीक ठशात.

नंतर बारा आठवड्यांच्या गोळ्या आल्या.
वहीतली नावं घेऊन आम्ही पुन्हा दारोदार गेलो.
काही दारं उघडली. पुष्कळ दारांत पोरं म्हणाली,
ते आता नाहीत, पण आत या.

आणि मॅडमची स्वतःची नळी?
ती त्यांनी पहिल्याच वर्षी भरली होती.
दुसऱ्या कप्प्यात, तिसऱ्या रांगेत, निळ्या झाकणाची.
तपासली का कधी, मला माहीत नाही.
आज चाव्या देताना म्हणाल्या,
वीज गेली तर जनरेटरकडे आधी धाव,
मला फोन नंतर कर.